गाडी नसलेल्या बाईंचे दोन रॅक

अन्याय झाला तो चार मुलींवर: मरोद्याची ललिता, कोहक्याची वर्षा, स्टील प्लांटच्या सेक्टरमधली सबा आणि मी. झाला चार वर्षांपूर्वी, विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेपाच वाजता, भिलाईच्या स्टेडियमच्या फाटकासमोर. केला जिल्ह्याच्या सायकल संघटनेच्या सचिवांनी. त्यांचं नाव छापत नाही. वाचून त्यांना स्वतःची ओळख पटली तरी पुरे.

त्या दिवशी नव्या रायपूरला राज्याच्या ज्युनियर संघाची निवड शर्यत होती. आमची नावं संघटनेनेच पाठवली होती. बस संघटनेचीच होती. बसच्या टपावर मुलांच्या सायकली होत्या आणि त्यांच्या शेजारी, नव्या दोरीने आवळून बांधलेल्या, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पाहुण्यांना बसायला. आमच्या चार सायकली खाली रस्त्यावर. सचिवांनी खिडकीतून हात बाहेर काढून माशी हाकलावी तसा हलवला. "जगह नहीं है। लड़कियों का अगले साल देखेंगे।"

ललिता पुढल्या वर्षी ज्युनियरचं वय ओलांडणार होती. तिला 'अगले साल' नव्हतंच. निवड झाली तर राज्याच्या शिबिरात जागा, नाही झाली तर मरोद्याला परत आणि सायकल भावाला. हे सचिवांना ठाऊक होतं.

बस निघून गेली. आमच्याबरोबर आमच्या पी.टी.च्या बाई उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. खांद्यावरच्या दोन निळ्या पिशव्या सावरल्या आणि म्हणाल्या, "चाला. टप शोधू."

ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांना या वाक्याचा अर्थ कळणार नाही. म्हणून आधी बाई सांगते.

बाईंकडे कार नव्हती. स्कूटरही नव्हती. सेक्टरच्या क्वार्टरमधून शाळेत त्या सायकलने यायच्या, साडीचा काचा मारून. पण कारच्या टपावर सायकली वाहून न्यायचे दोन रॅक त्यांच्याकडे होते, त्या निळ्या पिशव्यांत. परदेशातल्या भाच्याने एक पाठवला. त्याला वाटलं, मावशी भिलाईत इतकी वर्षं नोकरीत, गाडी असेलच. बाईंनी त्याला खरं कधी सांगितलं नाही. उलट दुसरा मागवला.

रॅक म्हणजे एक दणकट दांडी आणि तिच्याखाली ताटलीएवढे रबरी कप. प्रत्येक कपाला अंगठ्याने दाबायचा छोटा पंप. दाबत राहिलं की आतली हवा निघते आणि कप पत्र्याला असा धरतो की पत्रा येईल पण कप येणार नाही. सायकलचं पुढचं चाक काढायचं, पुढचा चिमटा दांडीवर आवळायचा, मागचं चाक वेगळ्या कपावर ठेवून पट्ट्याने बांधायचं. एका रॅकवर दोन सायकली. स्क्रू नाही, भोक नाही, हूक नाही. म्हणजे हा रॅक कुठल्याही एका गाडीचा नव्हता. बाईंना त्यातलं हेच आवडायचं. "स्क्रूवाला कॅरिअर एका मालकाचा," त्या म्हणायच्या. "हा आपला गावभर फिरनारा हाय."

दर रविवारी कोणाची तरी गाडी मागून त्या आम्हाला लांबच्या मोकळ्या रस्त्यावर सरावाला न्यायच्या, म्हणून गाव त्यांच्यासाठी टपांचं बनलेलं होतं. रस्त्याने चालताना उभ्या गाडीच्या टपावरून त्या तळवा फिरवायच्या, बैल विकत घेणारा माणूस पाठीवर फिरवतो तसा. तळव्याला प्लांटची लाल धूळ लागायची, ती पदराला पुसायच्या आणि निकाल द्यायच्या. एकदा सिव्हिक सेंटरजवळच्या गार्डने त्यांना गाडीचोर समजून शिट्टी मारली. बाईंनी त्यालाच बोलावून त्याचा हात टपावर ठेवला. "देख भैया, क्या चिकनी है!" गार्ड दोन मिनिटांनी शेजारच्या गाडीवर स्वतःच हात फिरवत होता.

जुनी छोटी आठशे सीसीची गाडी त्यांची लाडकी. रंग उडालेला, पण पत्रा सपाट. रॅक एकच बसायचा आणि वर दोन सायकली चढल्या की मागून बघणाऱ्याला वाटावं, सायकलीच गाडीला घेऊन चालल्या आहेत. व्हॅन आणि जीप बाद. त्यांच्या टपाला पन्हाळी असतात, कप टेकवला की फुस्स. एका जीपवाल्या ठेकेदाराने मोठ्या उमेदीने गाडी आणली होती. बाईंनी हात फिरवला आणि सर्वांदेखत सांगितलं, "भाऊ, तुमची गाडी चांगली हाय, टप बेकार हाय." तो ठेकेदार पुढे कित्येक दिवस बाईंशी बोलला नाही.

एका ऑफिसरांच्या गाडीला काचेचं सनरूफ होतं आणि ऑफिसरांना त्या सनरूफचा अभिमान होता. काचेवर कप पत्र्यापेक्षा छान बसतो, फक्त फटीवर आणि रबरावर यायला नको. बाईंनी तो बरोब्बर मधोमध बसवला. मग ऑफिसरांचा मुलगा रडायला लागला, कारण आता सनरूफ उघडून डोकं बाहेर काढता येईना. बाई त्याला म्हणाल्या, "आज डोकं आत. सायकली बाहेर."

काळं मॅट स्टिकर चिकटवलेली गाडी त्यांनी साफ नाकारली. मालक म्हणाला, "पकड़ तो रहा है, मैडम।" बाई म्हणाल्या, "कपानं स्टिकर धरलं. स्टिकरनं गाडी धरली का, हे कोन सांगनार?"

सगळ्यात मोठा तमाशा झाला तो एका चकचकीत, सेकंडहँड गाडीवर. विकणाऱ्याने मालकाला छातीठोक सांगितलं होतं की गाडीला कधी ओरखडासुद्धा पडलेला नाही. बाईंनी कप लावला, हवा काढली, दांडी ओढून पाहिली, आणि कपाबरोबर थाळीएवढा गोल रंग निघून आला. खाली पोचे बुजवायची पुट्टी. पांढरी, जाड, पोळीसारखी. म्हणजे गाडी कधीतरी उलटलेली. मालक आधी बाईंवर तापला, मग पुट्टी दिसल्यावर तो गोल तुकडा रुमालात गुंडाळून थेट विकणाऱ्याच्या दुकानात गेला. दर रविवारी बाई काहीतरी उघडं पाडायच्या. ठरवून नाही, हवा काढता काढता.

'हवा काढ' हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. माणूस फुशारक्या मारायला लागला की अंगठा हवेत दाबून दाखवायच्या, पंप दाबतात तसा. पंपाच्या दांडीवर एक लाल रेघ असते. कपाची पकड सुटत आली की ती बाहेर दिसू लागते. वर्गात कोणी पेंगायला लागलं की बाई म्हणायच्या, "हिची रेघ दिसून राहिली." मुख्याध्यापकांच्या भाषणातही म्हणायच्या, जरा हळू.

मुख्याध्यापकांनी आधी रॅकला परवानगीच दिली नव्हती. "गिर जाएगा तो? हायवे पर गिर जाएगा तो?" बाईंनी पिशवीतून एक कप काढला, त्यांच्या टेबलाच्या काचेवर दाबला, हवा काढली आणि उचलला. सगळी काच वर आली. खाली दाबून ठेवलेले बड्या साहेबांबरोबरचे फोटो उघडे पडले. काच हळूच परत ठेवून बाई म्हणाल्या, "लीजिए सर, अब आप निकालिए।" सरांनी ओढलं, पिळलं, उभं राहून ओढलं. रबराच्या काठाला एक शेपटी असते, ती उचलली की कप आपोआप सुटतो. बाईंनी ते सांगितलंच नाही. घंटा झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर त्या कपासमोर बसून सह्या करत होते. सुट्टीत परवानगी मिळाली.

आता 'बाई' या शब्दाबद्दल. मराठी घरात शिकवणारी ती बाई. पण भिलाईत उंबरा ओलांडला की हिंदी, आणि तिथे बाई म्हणजे धुणीभांडी करणारी. इतर शिक्षिका सांगून थकल्या, अहो मॅडम म्हणवून घ्या. बाई म्हणायच्या, "कावून? भांडे घासनारी का कमी हाय का वो? तिले म्हना मॅडम. मले बाईच राहू द्या." परिणाम असा की संघटनेच्या ऑफिसात आम्ही "बाई, बाई" करत शिरलो की तिथला कारकून चहाचे उष्टे कप त्यांच्यापुढे सरकवायचा. बाई एक कप उचलून उलटा करायच्या, टेबलाच्या काचेवर दाबून बघायच्या आणि परत त्याच्यापुढे ठेवायच्या. "नाई चिकटत. याच्यात हवा हाय." कारकुनाला ते कधीच कळलं नाही. सचिवांना कळलं, म्हणून त्यांना राग होता.

आणि एक शब्द. 'पुसणं.'

बाई भंडाऱ्याकडच्या. त्यांच्याकडे विचारणं म्हणजेही पुसणं. रॅक लावायचा त्यांचा नियम दोन पायऱ्यांचा होता: आधी मालकाला पुसायचं, मग टप पुसायचा. ओल्या फडक्याने एकदा, कोरड्याने एकदा, कारण भिलाईची धूळ साध्या डोळ्याला दिसत नाही पण कपाला दिसते. हिंदीत 'पूछ' वेगळं आणि 'पोंछ' वेगळं. मराठीत दोन्हीला एकच. दर रविवारी बाई लांबून ओरडायच्या, "पुसलं का?" आणि आम्ही म्हणायचो, "पुसलं!" कोणी काय पुसलं याचा हिशेब बाई बघत बसायच्या नाहीत. इतके रविवार त्यावर काही अडलं नाही.

त्या सकाळी अडलं.

बस गेल्यावर आम्ही आधी टेम्पो स्टँडवर गेलो. बाईंना टेम्पो आवडायचा नाही, एकदा एका सायकलचा गिअर त्यात वाकला होता, पण वेळ तशी होती. सायकल चालवत नवा रायपूर गाठायचं बाईंना मान्य नव्हतं. शर्यतीचे पाय हायवेवर खर्च करायचे नाहीत. स्टँडवर सगळे टेम्पो झेंडूच्या माळा घालून रांगेत उभे. मंडपात विश्वकर्मा बाप्पा, बाजूला सतरंजीवर ड्रायव्हर. एकाने डोळे न उघडता सांगितलं, "आज नइ हो पाही दीदी. बिसरजन के बाद." भिलाईत हे सगळ्यांना माहीत आहे. विश्वकर्मा पूजेला यंत्राला विश्रांती, आणि जे कडक पाळतात त्यांची गाडी विसर्जनापर्यंत जागची हलत नाही. विसर्जन संध्याकाळी. शर्यत सकाळी दहाला.

दोन्ही रॅक एका वेळी मावतील असा टप बाईंच्या गल्लीत एकच होता. समोरच्या फोरमन काकांची नवी पांढरी सातसीटर. मोठी, सपाट, गुळगुळीत. बाई तिच्यावर नजर ठेवून होत्या. पण काका कडक पाळणाऱ्यांतले. आदल्या दिवशी त्यांनी गाडीची पहिली पूजा केली होती: नारळ, अगरबत्ती, बॉनेटवर स्वस्तिक, आणि देवाला वरून दिसावं म्हणून शिडी लावून टपावरही एक, परातीएवढं, तुपात कालवलेल्या शेंदराचं.

आम्ही पोचलो तेव्हा काकांकडे नुकता दिवा लागला होता. बाई व्हरांड्यात पिशव्या उघडून बसल्या आणि वर्षाला म्हणाल्या, "जा, तू पयले पुसून घे. तवरक मी रॅक जोडतो."

वर्षा घरी आजीशी तेवढी मराठी बोलते. बाकी सगळं हिंदीत. ती गेली, आणि पुसून घेतलं.

तूप साध्या पाण्याने निघेना म्हणून तिने बाईंच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा साबण आणला. कामाला वर्षा चोख. पायदानावर चढून तिने टप असा घासला की त्यात आभाळ दिसत होतं. बाई रॅक घेऊन आल्या आणि काका दात घासत बाहेर आले, दोघं एकाच वेळी.

"हे काय केलं वो!" काकांच्या तोंडातून फेस उडाला.

बाईंनी टपाकडे पाहिलं, मग वर्षाकडे. "तुले काय सांगतलं होतं मी?"

"पुसून घे म्हणून. घेतलं ना. दो बार. साबुन से."

"अवो पोट्टे! काकाले पुसून घे म्हनलं होतं!"

वर्षा हातात फडकं घेऊन काकांकडे बघत राहिली. "काकांना कशाला पुसू?"

सबा हसायला लागली आणि तिला थांबता येईना. ललिता हसत नव्हती. ती कंपाउंडला टेकवलेल्या तिच्या सायकलजवळ उभी होती आणि तिने सीट घट्ट धरून ठेवली होती. बाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

आतून काकू आल्या. काका सांगत होते, काल संकल्प सोडला, विसर्जन होईपर्यंत चावी देवापुढे ठेवली, पहिल्याच पूजेला असा अपशकुन, आता गाडी विकावी लागते की काय. ते बोलून दमले तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, एक पुसू का?"

काकांनी वर्षाच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. "आता काय पुसाचं राह्यलं?"

"गोष्ट पुसतो म्हनलं. प्लांटात मशीनवर लाल टॅग असला त मशीन चालू करता का?"

"नाई. शटडाउन असते."

"अन् टॅग निघाला त?"

"त क्लिअरन्स आला. चालू करा लागते."

"स्वस्तिक होतं तवरक तुमची गाडी शटडाउनमंदी होती. मी एक शब्द बोलली नसती. आता वर पाहा. टॅग हाय का?"

काकांनी वर पाहिलं. टप लख्ख होता.

"पूजा उठली, भाऊजी. पोरीच्या हातानं उठली, पन उठली. आता मोकळी गाडी दारात उभी हाय अन् चार पोट्ट्यायची शर्यत हाय. संध्याकाळी नव्यानं पूजा करा, नव्यानं विसर्जन करा. मी नारळ आनतो."

काका सत्तावीस माणसांची शिफ्ट हाकणारे फोरमन. टॅगशिवाय मशीन बंद ठेवायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, आणि ते त्यांना स्वतःलाच दिसत होतं. ते अखेरचं म्हणाले, "पन चालवनार कोन? मले ड्युटीवर जा लागते."

"मी चालवतो," काकू म्हणाल्या.

काकूंकडे लायसन्स होतं. काका त्यांना मंदिरापर्यंत आणि परत, एवढंच चालवू द्यायचे.

"तू? हायवेवर?"

"कावून? हायवेले का तुमचं नाव लिवलं हाय?"

त्या आत गेल्या आणि देवापुढची चावी घेऊन आल्या. बरोबर कुंकवाचा करंडाही. टपाला पुन्हा लावायला निघाल्या तर बाई केवढ्याने ओरडल्या, "तिथं नोको! कप धरत नाई मंग!" मग काकूंनी चारही सायकलींच्या हँडलला कुंकू लावलं. सबाने विचारलं, मेरी को भी? काकू म्हणाल्या, "तुझी काय बिनाचाकाची हाय का?"

आता रॅक. एक टपाच्या पुढच्या बाजूला, एक मागच्या. दोन सायकलींची तोंडं पुढे, दोनांची मागे, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. प्रत्येक कपावर बाईंचा अंगठा, लाल रेघ आत जाईपर्यंत. मग परीक्षा. बाईंनी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि अशी ओढली की अख्खी गाडी स्प्रिंगवर डोलली. काका "अवो, अवो" करत धावले. बाई म्हणाल्या, "असंच पायजे. गाडी हालली पायजे, रॅक नाई."

पुढची चाकं आमच्या मांडीवर. काकूंनी पॉवर हाऊस चौकापर्यंत गाडी अशी चालवली की सायकलवाले ओव्हरटेक करत होते. खुर्सीपारच्या पुढे काकूंनी चप्पल काढून पायाशी टाकली आणि गाडी सुसाट सोडली. ट्रक मागे पडू लागले. बाई खिडकीतून आरसा बाहेर धरून पंपांच्या रेघा बघत होत्या. टोल नाक्याच्या अलीकडे एक रेघ दिसली. "थांबा!" गाडी कडेला. खाली उतरून बाईंनी चार दाब दिले. मागून आलेला ट्रकवाला काच खाली करून बघत होता. "दीदी, बिना पेंच के टिका कैसे है?" बाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "हवा निकाल दी।"

आणि मग कुम्हारीच्या पुढे आम्हाला ती बस दिसली.

ती आधी दुर्गला उलटी गेली होती, प्रमुख पाहुण्यांना घ्यायला. आता ढाब्यासमोर उभी होती. मुलं पोहे खात होती. टपावरच्या लाल खुर्च्या खाली उतरवलेल्या होत्या आणि त्यांवर पाहुणे आणि सचिव चहा पीत बसले होते. काकूंना निघताना बसचं काहीच माहीत नव्हतं, पण वाटेत सबाने सगळं सांगितलं होतं. काकूंनी गाडी हळू केली आणि हॉर्नवर हात ठेवला. उचललाच नाही. सचिवांनी वर पाहिलं. त्यांच्यासमोरून चार सायकली आभाळातून चालल्या होत्या, दोन पुढे तोंड करून, दोन मागे. मागे तोंड असलेल्या दोन त्यांच्याकडे बघत गेल्या.

आम्ही त्यांच्या आधी पोचलो. नोंदणीच्या टेबलावर आमची नावं होती. ललिताने सायकल उतरवली, पुढचं चाक लावलं, दोनदा फिरवून पाहिलं आणि सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. बाईंनी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं ते रविवारी सांगून झालेलं होतं.

नव्या रायपूरचे रस्ते रुंद आणि रिकामे. शेवटच्या फेरीत ललिता जी सुटली ती सुटली. मी मागून तिसरी होते, त्यामुळे मला तिची पाठसुद्धा दिसत नव्हती. मला फक्त काकूंचा आवाज येत होता. त्यांनी गाडीच्या दारात उभं राहून, टपाला धरून, "ललिते, ओढ! ओढ वो माय!" असा धोशा लावला होता. ललिता पहिली आली. सबा चौथी. चारच घ्यायच्या होत्या. वर्षा सातवी, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. ती दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होती की टप तिने पुसला.

फोटोच्या वेळी सचिव ललिताच्या खांद्यावर हात ठेवायला आले. ललिता एक पाऊल बाजूला सरकली. हात हवेत राहिला. ते बाईंना म्हणाले, "अरे मैडम, आप बोलतीं तो कुछ इंतज़ाम करते।" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, अंगठा हवेत एकदा दाबला आणि रॅकवर सायकली चढवायला निघून गेल्या.

परतल्यावर मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता: 'खुर्च्यांना जागा, मुलींच्या सायकलींना नाही.' शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही चौघींनी ते प्लांटच्या गेटवर वाटलं. काकांनी स्वतःच्या डिपार्टमेंटमध्ये वाटलं आणि वाचून दाखवलं. ज्यांच्या घरात मुली आहेत असे लोक संघटनेच्या ऑफिसात विचारायला जाऊ लागले. विचारणं सोपं होतं, उत्तर अवघड होतं. पुढच्या निवडीला बस निघाली तेव्हा मुलींच्या सायकली आधी चढल्या, आणि त्या बांधायला टपावर कोण चढलं होतं ते भिलाईने पाहिलं. सचिव. घामाघूम. खुर्च्या त्या वर्षी गेल्याच नाहीत.

काका अजूनही विश्वकर्मा पूजा तितकीच कडक पाळतात. फक्त स्वस्तिक आता बॉनेटवरच काढतात. टप मोकळा सोडतात.

बाई निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडलं, तुमसरच्या पलीकडे आपल्या गावी गेल्या. जाताना दोन्ही निळ्या पिशव्या आमच्याकडे दिल्या. आशीर्वादाबिशीर्वादाच्या भानगडीत पडल्या नाहीत. कपाच्या काठाला खोबरेल लावू नका, एवढं बजावलं. मध्ये फोनवर बोलल्या तेव्हा म्हणाल्या, गावात गाड्या कमी, म्हणून ट्रॅक्टरवर लावून पाहिला. "बोनेट तापते. रबर ढिलं पडून राहिलं. पन सकाळी सकाळी बसते." आता तिकडच्याही पोरी रविवारी कुठे तरी जात असणार. मी पुसलं नाही. त्यांना कोणी अडवत असेल तर त्या अडवणाऱ्याचंच मला वाईट वाटतं.

हे सगळं मी आठवणीखातर लिहिलेलं नाही. ललिता शिबिरात गेल्यापासून मरोद्यातून, कोहक्यातून, जिथून कोणी सायकलला हात लावला नव्हता तिथून मुली येऊ लागल्या आहेत. दर रविवारी जास्त. आम्ही त्यांना वर्दळीपासून लांब, मोकळ्या रस्त्यावर नेतो आणि तिथून चालवत आणतो. रॅक आम्ही वाढवले. पंप दाबायला वर्षा आहे, गाडी चालवायला शिकवायला काकू आहेत. कमी आहे ती एकाच गोष्टीची, आणि ती तुमच्या दारात उभी आहे, कापडाखाली झाकून.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता ती गाडी घेऊन शाळेच्या मैदानावर या. द्यायची नसेल तर घरी बसून ठरवू नका. या, एका मुलीसमोर उभे राहा, आणि 'नाही' हे तिला तुमच्या तोंडाने सांगा.